दों बेदोसचा ऑर्गन : कारागिरी लिहिता येते का?

‘ऑर्गन’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संगीत नाटके पाहिलेल्या पिढीला तर तो उच्चारला की रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून पायाने भाता मारणारा साथीदार दिसतो. त्या वाद्यात नळ्या नसतात, पितळेच्या थरथरणाऱ्या जिभा असतात. आपल्या पेटीत हवा जिभेवर ढकलली जाते, बहुतेक पाय-ऑर्गनांत ती जिभेतून ओढून घेतली जाते. एवढा फरक सोडला तर ती पेटीचीच थोरली बहीण. हे नाव तिला ज्या वाद्यावरून मिळाले तो नळ्यांचा ऑर्गन. तो चर्चच्या भिंतीएवढा असतो आणि बांधायला वर्षे लागतात. मुंबईतल्या काही जुन्या चर्चमध्ये तो आहे, पण आपल्या संगीतविचारात त्याने कधी पाऊल ठेवले नाही.

मी त्याच्याकडे वळलो ते संगीतामुळे नव्हे. माझे मामा पेट्या दुरुस्त करीत. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात बसे. पुढे नोकरी लागली तरी रविवार तिथेच जाई. ते गेल्यावर त्यांना येत होते ते लिहून ठेवावे असे मनात आले आणि गेली अकरा वर्षे मी पेटीदुरुस्तीवर एक वही लिहितो आहे. वहीचे बाकीचे भाग पुरे झाले. सूर लावण्याचे प्रकरण मात्र चार वेळा लिहून चार वेळा फाडले. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे एका ओळीत सांगून होते. किती घासायची, हे सांगता येत नाही. मामांना विचारले की ते म्हणत, “हाताला कळेल तेवढं.” त्या अडलेल्या प्रकरणानेच मला दोनशे साठ वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच साधूच्या ग्रंथाकडे नेले. फ्रेंच मला कोशाच्या आधाराने वाचण्याइतकीच येते. त्यामुळे मुख्य भिस्त चार्ल्स फर्ग्युसन यांच्या 1977 सालच्या इंग्रजी भाषांतरावर आणि मूळ ग्रंथातल्या चित्रांवर. चित्रांना भाषांतर लागत नाही.

ग्रंथ म्हणजे ‘लार द्यू फाक्तर दॉर्ग’, ऑर्गन बांधणाऱ्याची कला. लेखक दों फ्रांस्वा बेदोस द सेल, जन्म 1709, मृत्यू 1779. दक्षिण फ्रान्सात बेझिएजवळच्या को या गावचा हा माणूस 1726 साली तुलूझला बेनेडिक्टाइन मठात दाखल झाला. तो ऑर्गन बांधी, दुरुस्त करी, आणि दुसऱ्यांनी बांधलेल्या ऑर्गनांची परीक्षा करायला त्याला बोलावणी येत. याआधी 1760 साली त्याने सूर्यघड्याळे कशी आखावीत यावर एक पुस्तक लिहिले होते, हे मला फार सूचक वाटते. सावली मोजणारा माणूस पुढे वारा मोजायला बसला. ऑर्गनवरचा ग्रंथ चार भागांत, 1766 ते 1778 या बारा वर्षांत, पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या ‘कला आणि धंद्यांची वर्णने’ या मालेत निघाला. त्यात शंभराहून जास्त ताम्रपट आहेत.

या मालेविषयी थोडे सांगायला हवे. कोळसा पाडणे, कातडी कमावणे, कागद करणे अशा एकेका धंद्याचे साद्यंत वर्णन छापायचे अकादमीने मनावर घेतले होते. त्याच काळात दिदरोचा विश्वकोश निघत होता आणि त्यातही धंद्यांची चित्रे होती. पण दोहोंमागची नजर वेगळी. दिदरो कारागिराच्या दाराशी जाऊन विचारणारा लेखक आहे. बेदोस दाराच्या आतला आहे. विश्वकोशातले चित्र पाहून वाद्य कसे असते ते कळते. बेदोसचे चित्र पाहून पुढचा घाव कुठे घालायचा ते कळते. आरंभीच्या प्रकरणांत तो हत्यारेच मांडून बसतो. रंधे, पटाशा, डाग द्यायच्या कैया, नळी गोल वळवायचे लाकडी साचे, सगळे मापासकट. कथिल आणि शिशाच्या मिश्रणाचा पत्रा ओतण्याचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. लांबलचक मेज, त्यावर सरकणारी लाकडी चौकट, आणि वितळलेला धातू थिजायच्या आत ती चौकट घेऊन मागे सरकणारे लोक. त्या माणसांचे पाय कुठे पडले आहेत ते पाहा. चित्रकाराने नुसती ऐट दाखवायची म्हणून काढलेले ते पाय नाहीत.

* * *

आता यंत्राकडे येतो. ते समजल्याशिवाय या ग्रंथाचे मोल कळायचे नाही.

बोटाखाली पट्टी आहे. नळी तिच्यापासून पाच-सात मीटर उंच आणि कधी तितकीच बाजूला आहे. पट्टी दाबली की त्या नळीत वारा शिरला पाहिजे, आणि मधे वीज नाही, दाबहवेची यंत्रणा नाही. आहे ते लाकूड, तार आणि कातडे. पट्टीच्या मधोमध एक पातळ लांब काठी अडकवलेली असते, तिला ट्रॅकर म्हणतात. ती वर वारापेटीतल्या झडपेला जोडलेली. बोट खाली गेले की काठी ओढली जाते, झडप उघडते. लाकूड दमटपणाने आडवे फुगते, रेषेच्या दिशेने मात्र जवळजवळ वाढत नाही, हे कोणत्याही सुताराला ठाऊक असते. म्हणून ही काठी सरळ रेषेच्या लाकडातून चिरून काढायची. नाही तर हवेतला दमटपणा बदलला की काठीची लांबी बदलून सगळी जुळणी बिघडेल.

अडचण पुढे आहे. चार सप्तकांच्या पट्ट्या सत्तर सेंटिमीटरच्या आत मावतात, कारण हाताचा पंजा तेवढाच. वरच्या नळ्यांना मात्र कित्येक मीटरची रुंदी लागते. तेव्हा सरळ वर जाणारी ओढ आडवी सरकवावी लागते. त्यासाठी एका फळीवर लाटण्यासारखे दांडे बसवलेले असतात, प्रत्येक पट्टीला एक. दांड्याच्या एका टोकाच्या खुंटीला खालची काठी, दुसऱ्या टोकाच्या खुंटीला वरची. खालची ओढली की लाटणे किंचित फिरते आणि दोन मीटर पलीकडची झडप उघडते. या फळीचे बेदोसने काढलेले चित्र पाहिल्यावर मी अर्धा तास दुसरे काही वाचू शकलो नव्हतो. पन्नास लाटणी, एकही दुसऱ्याला घासत नाही, आणि प्रत्येकाची लांबी त्याच्या नळीच्या जागेवरून ठरलेली.

झडपेच्या वर वारापेटीत पट्टीगणिक एक कप्पा. कप्प्यांवरून आडव्या सरकणाऱ्या भोकाच्या पट्ट्या, प्रत्येक स्टॉपला एक. स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांची पूर्ण रांग. वादकाने खुंटी ओढली की सरकपट्टीची भोके कप्प्यावरच्या भोकांशी जुळतात आणि ती रांग बोलायला मोकळी होते. पन्नास पट्ट्या आणि तीस स्टॉप धरले तर दीड हजार भोकी जुळली पाहिजेत, आणि कुठेही वारा गळता कामा नये. एका भोकाचा वारा शेजारी झिरपला की नको असलेली नळी कण्हत राहते. पेटी उघडलेल्या माणसाला हे दुखणे ओळखीचे आहे.

आता बोटाला काय जाणवते ते हिशेबाने पाहू. वाऱ्याचा दाब ऐंशी मिलिमीटर पाण्याचा धरा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला आठ ग्रॅम. झडप वीस सेंटिमीटर लांब, दोन रुंद. तिच्यावर 320 ग्रॅमचा भार. ती एका टोकाला बिजागरीसारखी बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला ओढली जात असल्याने ओढायला निम्मा, 160 ग्रॅम जोर लागतो, शिवाय स्प्रिंगचा. पण झडप केसभर उघडली की कप्प्यात वारा भरतो, वरचा-खालचा दाब जवळपास सारखा होतो आणि हा भार एकाएकी ओसरतो. बोटाला आधी अडते आणि मग निसटते. सतारीची तार नखीने सुटते त्या क्षणाची आठवण होते. दोन-तीन फलकांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की प्रत्येक बोटामागे हा भार दुप्पट-तिप्पट होतो. पूर्ण ऑर्गन उघडून वाजवणे हे खरेच अंगमेहनतीचे काम होते. इंग्लंडचा चार्ल्स बार्कर याने झडपेच्या आधी एक छोटा भाता घालून, म्हणजे वाऱ्याचा भार वाऱ्यानेच उचलून, यावर तोड काढली. कावाये-कोल याने ती 1841 साली सँ-दनीच्या ऑर्गनात बसवली, तेव्हा बेदोस जाऊन साठाहून जास्त वर्षे झाली होती.

* * *

बेदोसच्या ग्रंथाची स्तुती करणारे नेहमी त्याच्या मापांची स्तुती करतात. प्रत्येक जातीच्या नळीची लांबी, रुंदी, तोंडाची उंची त्याने फूट, इंच आणि इंचाचा बारावा भाग अशा मापांत दिली आहे. मला त्यात एक शंका आहे. मापे देणे ही जुनीच गोष्ट आहे. आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीला यादव सिंघणाच्या दरबारी बसून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याच्या वाद्याध्यायात वंशाची, म्हणजे बासरीची मापे अंगुळांत आहेत. फुंकण्याच्या छिद्रापासून पहिल्या स्वरछिद्रापर्यंत किती अंगुळे अंतर, यावरून बासऱ्यांची नावेच पाडलेली आहेत : त्रिपुरुष, चतुर्मुख, पंचवक्त्र. नाव लक्षात राहिले की माप लक्षात राहिले. ही हुशारी श्लोकाची आहे. पण बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, सळई किती तापवावी, छिद्र पडताना चिरफळी निघू लागली तर काय करावे, हे शोधायला तिथे जाऊन उपयोग नाही. शार्ङ्गदेव राजदरबारी हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर होता. त्याला बासरी मोजायची होती, करायची नव्हती.

तेव्हा बेदोसचे वेगळेपण मापांत शोधू नये. ते मला दोन ठिकाणी सापडले. एक म्हणजे क्रम. कुठलीही वस्तू आधी पूर्ण दाखवून मग तिचे भाग सांगायचे, ही पंडिताची रीत. बेदोस बहुधा लाकडापासून निघतो आणि वस्तू वाचकाच्या डोळ्यांदेखत वाढत जाते. दुसरे म्हणजे बिघाड. तिसरा भाग त्याने वादकांसाठी लिहिला. त्यात स्टॉपांची मिश्रणे आहेत, आणि आजचे वादक त्या जुन्या फ्रेंच संगीतासाठी हमखास ती पाने उघडतात. पण त्याच भागात वाद्य कसे राखावे, काय बिघडते आणि कारागीर येईपर्यंत काय करावे तेही आहे. जो माणूस वस्तू बिघडू शकते हे मान्य करून लिहितो त्याने ती हाताळलेली असते. दुसऱ्या भागात निरनिराळ्या आकारांच्या ऑर्गनांचे मसुदे आहेत. चर्चचे विश्वस्त आणि कारागीर यांच्यात करार व्हायचा तर त्यात काय लिहावे, यासाठी ते उपयोगी. म्हणजे गिऱ्हाइकालाही त्याने शहाणे केले. धंद्यातल्या लोकांना हे कितपत आवडले असेल? पोट ऑर्गनावर नसलेला मठवासीच हे लिहू शकला, असा माझा तर्क आहे.

आता उणिवा. पहिली उघड आहे. त्याचा ऑर्गन फ्रेंच आहे. जर्मनीतल्या वाइनगार्टन मठातल्या, गाब्लरने 1750 साली पुऱ्या केलेल्या भव्य ऑर्गनाचे चित्र त्याने ग्रंथात घातले आहे आणि ते सुंदर आहे. पण बांधायला शिकवतो तो फ्रेंचच. पायपट्ट्यांचा स्वतंत्र, भारदस्त आवाज, ज्यावर बाखचे ऑर्गनसंगीत उभे आहे, तो त्याच्या वाद्याच्या मध्यभागी नाही. ग्रंथाला सर्व ऑर्गनांचा ग्रंथ मानून वाचले तर फसगत होते.

दुसरी उणीव माझ्या जिव्हाळ्याची. नळी ओतून, वळवून, डाग देऊन तयार झाली तरी ती बोलत नाही, किंवा बोलते ते फुसफुसत, खाकरत. तिचे ओठ किंचित आत-बाहेर करणे, पायाच्या भोकातून किती वारा घ्यायचा ते ठरवणे, तोंड उंचावणे, असे करून तिला आवाज द्यावा लागतो. इथे बेदोस लक्षणे सांगतो आणि उपाय सांगतो : आवाज उशिरा आला तर हे करा, एक सप्तक वर उडाला तर ते करा. वैद्यकाच्या पुस्तकासारखे. हे थोडेथोडके नाही. पण ज्या आवाजासाठी हे सगळे करायचे तो आवाज कसा, हे सांगायची वेळ आली की त्याचीही भाषा विशेषणांवर येते आणि निवाडा कानावर सोपवला जातो. पत्र्याच्या जाडीबद्दल इतका नेमका बोलणारा माणूस इथे मामांच्या पंगतीला येऊन बसतो. पहिल्यांदा हे वाचताना मला आनंद झाला, हे कबूल करतो. तो आनंद फारसा उदार नव्हता.

एकोणिसाव्या शतकात यावर एक उतारा निघाला. जर्मनीत ट्योप्फरने नळ्यांच्या रुंदीचे गणिती सूत्र दिले. एका सप्तकात नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ आठाच्या वर्गमुळाच्या पटीत बदलते, म्हणजे कोणत्याही नळीपासून वर मोजत गेले की सतरावी नळी निम्म्या व्यासाची. सूत्र चुकीचे नाही. पुष्कळ जुन्या नळ्या त्याच्या आसपास येतात. पण सूत्र हातात आल्यावर कारखान्याला कानाची गरज उरली नाही. बेदोसच्या मापांत एका जातीची नळी वरच्या सुरांत थोडी रुंद राखलेली असते, दुसरीची नाही. या वाकड्या रेघांत पिढ्यांचे ऐकणे साठलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट श्वाइट्झर, आफ्रिकेत दवाखाना काढणारे तेच, कारखान्यातल्या ऑर्गनांवर तुटून पडले ते यामुळेही. 1906 सालच्या त्यांच्या पुस्तिकेने जुन्या बांधणीकडे लोकांचे लक्ष वळवले. पुढे विजेवर चालणाऱ्या झडपा सोडून लाकडी काठ्यांकडे परतण्याची चळवळ झाली, तिच्यामागे श्वाइट्झरांची प्रेरणा आहे.

या चळवळीचे एक वाक्य मात्र तपासून घ्यायला हवे. काठी थेट झडपेला जोडलेली असल्याने वादक बोटाच्या गतीने सुराचा आरंभ घडवू शकतो, वीज आली की तो संबंध तुटतो, असे सांगितले जाते. ऐकायला हे फार पटते. एडिंबरा विद्यापीठात अॅलन वूली यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा वेगळेच निघाले. झडप ‘निसटण्याच्या’ त्या क्षणामुळे आणि लाकडी यंत्रणेच्या लवचीकपणामुळे बोट कितीही हळू-जोरात नेले तरी झडपेच्या उघडण्यात फारसा फरक पडत नाही. वादक आपण स्पर्श बदलतो असे मानतो, तेव्हा तो बहुधा सुरांच्या वेळा बदलत असतो. एक सूर किंचित लांबवतो, दुसऱ्याआधी केसभर पोकळी सोडतो.

मग चळवळ फसवी होती का? मला तसे वाटत नाही. पेटीची पट्टी अगदी सावकाश दाबली तर जीभ कुरकुरत, उतरल्या सुरात जागी होते, हे कोणीही घरी करून पाहावे. पण तसे कोणी वाजवत नाही. वाजवताना बोटाला लागते ती खबर. झडप आत्ता उघडली, आत्ता मिटली, हे बोटाला कळले तरच त्या केसभर पोकळ्या नीट पडतात. आवाजावर ताबा नसेल, पण वेळेवरचा ताबा त्या अडण्या-निसटण्यातूनच येतो. श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले होते, रक्कम खरी होती. बेदोसने स्पर्शाचा असा सिद्धांत मांडलेला मला दिसत नाही; यंत्रणा हलकी चालावी, खडखडू नये, घासू नये, एवढ्यावर त्याचा भर. कारागिराला एवढे पुरते.

* * *

बोर्दोच्या सँत-क्र्वा चर्चमध्ये बेदोसने 1748 साली बांधलेला ऑर्गन होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे भाग बदलले, हलवले गेले आणि मूळ वाद्य जवळजवळ हरवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पास्काल क्वारँ यांनी ते पुन्हा उभे केले. 1997 साली काम पुरे झाले. वाचलेल्या जुन्या नळ्या होत्या आणि हा ग्रंथ होता. लेखकाचे वाद्य लेखकाच्या पुस्तकावरून दुरुस्त करायची वेळ फार थोड्या ग्रंथांवर येते. मी त्याची ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत, प्रत्यक्ष गेलो नाही. मोठ्या जिभांच्या नळ्या एकदम सुटतात तेव्हा तो आवाज खरखरीत, जवळजवळ उद्धट वाटतो. चर्चमधल्या ऑर्गनाबद्दल आपल्या मनात जे गुळगुळीत काहीतरी असते त्याच्या अगदी उलट.

या कामात ग्रंथाने काय दिले आणि नळ्यांनी काय दिले, हा प्रश्न मला सोडत नाही. पत्र्याची जाडी, कप्प्यांची मांडणी, भात्यांची घडण ग्रंथातून घेता येते. आवाज देण्यासाठी मात्र वाचलेली नळी हातात धरून तिचे ओठ, तिच्यावर उमटलेल्या हत्याराच्या खुणा पाहाव्या लागतात. आणि त्या खुणा कशाच्या आहेत हे ओळखायला पुन्हा ग्रंथच उघडावा लागतो, कारण ते हत्यार त्याने चित्रात दाखवून ठेवले आहे. एकट्या पुस्तकावरून तो आवाज परत आला नसता. एकट्या नळ्यांवरूनही बहुधा नाही.

मामांच्या सामानात सुरांच्या जुन्या जिभांचा एक डबा आहे. काही त्यांनी घासून बिघडवलेल्या, काही नीट लावून मग पेटीच मोडीत गेल्याने काढून ठेवलेल्या. पाचव्यांदा प्रकरण लिहायला घेतले आहे. या वेळी आधी डब्यातल्या एकेका जिभेचे दुप्पट आकाराचे चित्र काढतो आहे. भिंगाखाली कानशीच्या रेघा दिसतात : टोकाशी तिरक्या, मुळाशी आडव्या, आणि बिघडलेल्या जिभांवर एक रेघ नेहमी खोल. आजवर एकोणीस झाल्या.